फळीवरचे पेले

बीबीएच्या तीन वर्षांत मी एकाच विषयात नापास झालो, आणि पुढं जन्मभर त्याच विषयावर पोट भरलं. विषयाचं नाव ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स’. एखाद्या धंद्यात माहिती कुठून येते, कुणाकडे जाते, कुठं साठते आणि कुठं सांडते, हे शोधायचं आणि मग तिला नीट वाट करून द्यायची, एवढंच त्यात असतं. पण तेव्हा कुणी मला असं चार शब्दांत सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण मला वाटायचं की हा विषय म्हणजे कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर मला येतो. चेन्नईत राहून गेलेल्या विषयाला ‘अरियर’ म्हणतात. मार्कलिस्टवर माझा एकच अरियर होता, पण तो नेमका भलत्या जागी होता. पेरुंगुडीच्या एका कंपनीनं कॉलेजात येऊन मला निवडलं होतं, पत्रही दिलं होतं, आणि त्या पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की रुजू होण्याच्या दिवशी एकही विषय राहिलेला नसावा. बाबांनी ते पत्र देवघरात ठेवलं होतं. रोज सकाळी पूजेनंतर ते उचलून ती शेवटची ओळ वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. म्हणजे आमच्या घरात जी मराठी बोलली जायची ती ऐकून पुण्यातली माझी बायको आजही हसते आणि मग ओशाळून, ‘गोड आहे पण,’ असं म्हणते. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत एका अरुंद गल्लीत आमचं दुमजली भाड्याचं घर होतं. वर आम्ही राहायचो, खाली माझी आत्या मेस चालवायची. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून, आई शाळेत शिक्षिका, आणि आत्या, बाबांची थोरली बहीण, तिचे यजमान गेल्यावर आमच्याकडे आली ती स्वतःचा पाटा-वरवंटा घेऊनच. बाबा तिला अक्का म्हणत, जेवायला येणारी मंडळी मामी म्हणत. आमच्या आसपास मॅन्शन होती, म्हणजे एकेका खोलीत दोघे-तिघे एकटे पुरुष राहतात अशा उंच, कोंदट इमारती, आणि त्यातले चोवीस जण आत्याकडे सकाळचं टिफिन आणि रात्रीचं जेवण जेवायचे. दुपारी ते आपापल्या कामावर. पहाटे मला जाग यायची ती खालच्या ग्राइंडरच्या घरघरीनं, मग कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, डिकॉक्शनचा वास जिन्यानं वर चढायचा, मग फोडणीतल्या कढीपत्त्याचा तडतडाट. तिच्या हातची आंबट भाजी आणि उडदाच्या पिठाची डांगर पचडी खाऊन परके लोक गप्प होत. मी इतकी वर्षं पुण्यात आहे, पण अजून आजारी पडलो की मला वरणभात नको असतो, तिचं रसम हवं असतं.

मी मात्र खालच्या कामात कधी बोट लावलं नाही. शिकणाऱ्या मुलानं भांड्यांत हात घालायचा नाही, असा आत्याचाच दंडक होता, आणि तो मी फार निष्ठेनं पाळला. स्वयंपाकघरात तर सोवळं. उंबऱ्याच्या आत आत्या आणि आई, बाहेर सगळं जग.

पहिल्या खेपेला मी नापास झालो ते प्रोजेक्टमध्ये. वर्गातल्या निम्म्या मुलांप्रमाणे मीही एका सीनियरचं ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ उचललं, मुखपृष्ठ बदललं आणि बाइंडिंग करून दिलं. तोंडी परीक्षेला आमच्या वसंता मॅडम होत्या. बारीक चणीच्या, कॉटनची कडक साडी, आणि आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, ‘रघू, पावसात भिजलेलं पुस्तक परत आलं तर तुझ्या लायब्ररीतली बाई काय करते?’ मी म्हटलं, तसा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये नाही. ‘पर्याय विचारला नाही. बाई काय करते, ते विचारलं. तिला भेटलायस कधी?’ मॅडमनी फाइल माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, ‘आता एकच काम कर. जिथं खरीखुरी माणसं काम करतात अशी एक जागा शोध. तिथं दोन आठवडे बस. कॉम्प्युटरला हात लावू नकोस. कुणाला काय कळतं आणि ते कसं कळतं, एवढं लिहून आण. पोंगलच्या सुटीनंतर दाखव. या वेळी नाही जमलं तर मी काही करू शकणार नाही.’

माझे काही मित्र गिंडीच्या कारखान्यांत जायचे, बसचे धक्के खात. मी आळशी. मी म्हटलं, घरातच मेस आहे की. जिना उतरला की प्रोजेक्ट.

तर मी वही घेऊन खालच्या पंगतीच्या खोलीत बसायला लागलो. कुणी किती वाजता येतं, कोण काय मागतं, सगळं लिहायचो. आठ दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिथंच माझं गाडं अडलं. आत्या रात्री कधी बारा जणांचा स्वयंपाक करायची, कधी तेविसांचा, आणि तो बरोबर तेवढाच असायचा. भात उरत नव्हता, कमी पडत नव्हता. तिच्याकडे वही नव्हती, ती कुणाला विचारत नव्हती, कुणी तिला सांगत नव्हतं. एवढंच नाही, एखाद्याचं पोट बिघडलेलं असलं तर त्याच्या पानावर न मागता मऊ भात आणि बिनतिखटाचं रसम पडायचं. मॅडम हेच विचारणार, हे मला दिसत होतं. मी आत्याला विचारलं, ‘रात्री किती लोक येणार ते तुला कसं कळतं?’

‘कळतें,’ आत्या म्हणाली.

‘पण कसं?’

‘अय्यो, कन्ना, रोज समोर दिसतें तें कोणी सांगायला पाहिजे का? डोळे आहेत न मला?’ कन्ना म्हणजे बाळा; एवढं म्हणून ती नारळ खवायला लागली.

मी वहीत लिहिलं, ‘माहितीचा स्रोत : अनुभव.’ आज माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरानं असं लिहून आणलं तर मी त्याला खोलीबाहेर काढीन.

पोंगलच्या सुट्या लागायच्या आदल्या दिवशी माझी वही अर्धी कोरी होती. सकाळची मंडळी टिफिन खाऊन कामावर गेली होती, आत्या आडवी झाली होती. मला वाटलं, निदान नावांची यादी तरी नीट करू. पुस्तकात पहिल्याच धड्यात होतं, आधी मूळ यादी पक्की करा, माहिती स्वच्छ करा. आता चोवीस जणांची नावं कुठं मिळणार? तर हात धुवायच्या मोरीजवळ भिंतीला एक लांब फळी होती, खाली एक कप्पा, आणि तिच्यावर सगळ्यांचे स्टीलचे पेले असायचे. आमच्याकडे भांड्यांवर नाव ठोकून घ्यायची पद्धत आहे, दुकानदार टोच्यानं ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढून देतो. तसे प्रत्येकाच्या पेल्यावर नावाचे ठिपके होते. जेवून झालं की जो तो आपला पेला विसळून फळीवर ठेवून जायचा.

फळी बघून मला शिसारी आली. काही पेले सुलटे, काही उपडे, दोन-तीन खालच्या कप्प्यात कोपऱ्यात. कशाला कशाचा मेळ नाही. मी सगळे खाली काढले, जमिनीवर मांडले, नावं उतरवून घेतली. तीन तर एस. कुमारच निघाले. मग पेले पुसले, नावांच्या अनुक्रमानं लावले, आणि धूळ बसू नये म्हणून चोवीसच्या चोवीस उपडे घातले. काय झकास दिसत होतं! मी दोन पावलं मागं जाऊन बघितलंसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा मी भांड्यांत हात घातला होता, आणि तो असा.

चार वाजता आत्या उठली. मी वर गॅलरीत होतो. खालून तिची हाक आली, ‘वयनी!’ माझ्या आईला. आवाजात काहीतरी वेगळंच होतं, शाळेला अचानक सुटी मिळालेल्या मुलीसारखं. मी वाकून बघितलं तर ती पदर नीट करत उभी. ‘आज कोणीच नाहींत. सगळ्यांस गांवी जायला मिळालें, बरें झालें. चल, आपण देवळास जाऊं. आणि तिथून समुद्रावर.’ आई म्हणाली, समुद्रावर? आत्या म्हणाली, ‘होय की. इतकी जवळ राहतों, किती वर्षें पाहिला नाहीं.’ आमच्या घरापासून मरिना चालत दहा मिनिटं. आत्याला मेस काढून अकरा वर्षं झाली होती. दोघी गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत्यानं मोगऱ्याचा गजरासुद्धा माळला होता. बाबांसाठी दहीभात झाकून ठेवला होता. मला तिचा आनंद बघून बरं वाटलं, आणि तो कुठून आला याची मला गंधवार्ता नव्हती.

साडेसातला पहिला आला तो षण्मुगम. गिंडीच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा, भक्कम माणूस, हातावर कायम ग्रीसचा डाग. मागोमाग कुलकर्णी, सोलापूरचे, बदलीवर आलेले, आमची मराठी ऐकून ज्यांना रोज नवीन मजा वाटायची ते. मग एकेक करत पंधरा-सोळा जण. पंगतीच्या खोलीत दिवा नाही, चूल गार. षण्मुगम सरळ फळीकडे गेला आणि आपला पेला शोधायला लागला. सापडल्यावर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

‘तंबी,’ मला म्हणाला, म्हणजे धाकट्या भावा, ‘मी सकाळी सुलटा ठेवला होता. उपडा कुणी घातला?’

‘का? काय झालं?’

‘काय झालं म्हणजे? सुलटा म्हणजे रात्री जेवायला आहे. उपडा म्हणजे नाही. आणि खालच्या कप्प्यात म्हणजे तब्येत बरी नाही, पथ्याचं वाढा. तुला माहीत नाही?’ कुलकर्णी म्हणाले, ‘आवो, मला तर पहिल्याच दिवशी ह्या षण्मुगमनं दाखवलं. तुम्ही ह्याच घरचे ना?’

मी ह्याच घरचा. अकरा वर्षं त्या फळीसमोरून जात होतो. मला वाटायचं पेले निथळायला ठेवलेत.

गलका ऐकून बाबा खाली आले. काय झालं ते कळल्यावर कपाळाला हात लावून म्हणाले, ‘उभा काय राहिलास? जा, पळ, अक्काला घेऊन ये.’ मी पळालो. रस्ता ओलांडून वाळूत उतरलो. सणाच्या आदल्या दिवसाची गर्दी, भोंगे, फुगे, भाजलेल्या कणसांचा धूर. आई सापडली ती चपला सांभाळत बसलेली, आणि तिच्यापलीकडे, पाण्याच्या कडेला, आत्या. लुगड्याचा काठ एका हातानं उचललेला, दुसऱ्या हातात सुंडलची पुडी, म्हणजे वाफवलेल्या हरभऱ्यांवर खोबरं आणि कैरीचे तुकडे. लाट आली की ती दोन पावलं मागं यायची, लाट गेली की पुन्हा पुढं. आणि हसत होती. एकटीच. मी तिला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते नेहमी कुणाच्या तरी बोलण्यावर. असं उगाचच नाही.

मला हाक मारायची होती. तोंड उघडलंही. पण हाक मारली असती तर ती तशीच ओल्या पायांनी धावत आली असती, आणि वर मलाच म्हणाली असती, ‘आधीं कां नाहीं आलास?’ मला फार लाज वाटली. ही माझ्या चुकीनं मिळालेली सुटी होती, पण तिला ती मिळाली होती. मी परत फिरलो.

‘अक्का कोठे?’ बाबांनी विचारलं. मी म्हटलं, ‘गर्दीत दिसली नाही.’ आणि मग सगळ्यांकडे बघून म्हटलं, ‘आपणच करू.’

उंबऱ्याशी येऊन सगळे थांबले. आत कुणी जाईना. षण्मुगम म्हणाला, ‘मामींचं स्वयंपाकघर आहे. आम्ही कसं यायचं?’ बाबा नुसता चष्मा पुसत राहिले. मी आत गेलो, दिवा लावला, आणि षण्मुगमचा हात धरून त्याला आत ओढलं. त्यानं आधी बाहेर जाऊन पाय धुतले, हातावरचा ग्रीसचा डाग घासघासून काढला आणि मग आला. रव्याचा डबा सापडला. उप्पुमा करायचं ठरलं, कारण तेवढंच सगळ्यांना येत होतं, आणि प्रत्येकाला वेगळं येत होतं. कुलकर्णींना शेंगदाणे हवे होते, षण्मुगमला आलं. कुणी कांदे चिरता चिरता रडलं. माझ्या हातून पाणी जास्त पडलं. बाबांनी पानं मांडली. बाबांनी! त्यांनी स्वतःचं पान स्वतः घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

साडेनऊच्या सुमाराला दोघी आल्या तेव्हा आम्ही भांडी घासत होतो. आत्या दारात उभी राहिली. फळीकडे बघितलं, पंगतीकडे बघितलं, मग तिच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या षण्मुगमकडे. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, पेले मी उपडे घातले, अगदी समुद्रावर तुला बघून परत आलो हेसुद्धा.

आत्या आत गेली. पातेल्याच्या तळाशी राहिलेला उप्पुमा बोटानं घेऊन तोंडात घातला.

‘मीठ कोणी घातलें?’

‘मी, मामी,’ षण्मुगम म्हणाला.

‘कमी आहे,’ आत्या म्हणाली. ‘पुढल्या वेळेस मज विचारून घाल.’

माझा जीव भांड्यात पडला. पुढल्या वेळेस, म्हणाली ती! कुलकर्णी सगळ्यांत आधी हसले, मग सगळी खोली. आत्या मात्र फळीपाशी गेली आणि एकेक पेला ज्याच्या त्याच्या सांगण्याप्रमाणं लावायला लागली. मी शेजारी उभा राहिलो आणि विचारत गेलो, आणि या वेळी तिनं सांगितलं. नवीन माणसाला नियम कोण शिकवतं, तर शेजारी बसणारा. कुणी पेला लावायला विसरला तर सुलटाच धरायचा, कारण माणूस उपाशी राहण्यापेक्षा भात उरलेला बरा. हे वाक्य मी पुढं किती बैठकांत किती वेगळ्या शब्दांत सांगितलं असेन, त्याची गणती नाही.

सुटीनंतर मी मॅडमसमोर एकच मोठा कागद पसरला. त्यावर एक फळी काढली होती आणि चोवीस पेले. मॅडमनी एकेका पेल्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, ‘ही माहिती बिघडवू कोण शकतं?’

‘मी, मॅडम. बिघडवली.’ आणि तो सगळा दिवस सांगितला. त्या हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं.

‘मग आता काय बदलणार? कॉम्प्युटर बसवणार?’

‘नाही मॅडम. चालतंय ते चालू दे. फक्त एक उणं आहे. फळीवर सगळ्यांचा पेला आहे, आत्याचा नाही. एखाद्या रात्री तिला रांधायचं नसेल तर ते कळायची सोयच नाही. अकरा वर्षं कळलेलं नाही.’

मॅडमनी त्या कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, ‘हा मी ठेवून घेऊ?’ मार्क किती मिळाले ते सांगत नाही, कारण शेखी मिरवल्यासारखं होईल. निकालाच्या दिवशी बाबांनी पत्र देवघरातून काढलं, शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता देवाकडे बघितलं. मी जिन्यात बसून आधी खूप हसलो आणि मग रडलो. किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू!

पहिल्या पगाराची वाट न बघता मी भांड्यांच्या दुकानात गेलो आणि एक पेला घेतला. दुकानदारानं टोचा उचलून विचारलं, ‘नाव?’ मी आत्या म्हणणार होतो. मग थांबलो. अक्का, मामी, आत्या, यातलं तिचं नाव कुठलंच नव्हतं. क्षणभर आठवावं लागलं, याची आजही लाज वाटते. ‘तुळजा,’ मी म्हटलं. त्यानं तमिळ अक्षरांत ठिपके ठोकले.

आत्यानं पेला उलटसुलट करून बघितला. ‘वेडा आहेस,’ म्हणाली. ‘मी कोठे जाणार?’ पण फळीवर ठेवला, पहिल्या जागी, सुलटा. तो तसाच राहिला. मी रोज पेरुंगुडीला जायचो, रोज परत यायचो, रोज बघायचो, तो सुलटाच. महिने गेले. मी बघायचं सोडून दिलं.

मग एका शनिवारी बस रखडली, मी घामानं भिजून, भुकेनं कावून घरी आलो. खालच्या स्वयंपाकघरात षण्मुगम बाह्या सारून रवा भाजत होता आणि उंबऱ्याबाहेर बसून कुलकर्णी त्याला शेंगदाण्यांची आठवण करून देत होते. मी फळीकडे बघितलं. पहिल्या जागी आत्याचा पेला होता, उपडा. मोरीशी तिच्या चपला नव्हत्या.

मी बॅग ठेवली, पाय धुतले आणि कांदे चिरायला बसलो.